जमिनीची तकाकी

लाकडाच्या जमिनीला मराठींत नीटसें नांव नाहीं. दगडाची असेल तर तिला आपण फरशी म्हणतों, चुन्याची असेल तर कोबा, आणि मातीची असेल तर नुसती जमीन. पण मातीपासून दहा-बारा फूट उंच, तुळयांवर ठोकलेल्या सागवानी फळ्यांवर आपण चालतों, तेव्हां त्यांना काय म्हणावें? 'लाकडी जमीन' म्हणावें तर ते दोन शब्द आपापसांत भांडूं लागतात. जमीन म्हणजे भूमि, आणि ही तर अधांतरीं! 'तक्तपोशी' हा एक जुना शब्द आहे. परंतु तो छताच्या फळ्यांनाहि लावतात. त्यालाहि कारण आहे. खालच्या माणसाचें जें छत, तीच वरच्या माणसाची जमीन. फळी एकच, तिच्याकडे कोणत्या बाजूनें पाहावयाचें एवढाच काय तो फरक.

नांव नसण्याचें कारण उघड आहे. आपल्याकडे उघड्या लाकडावर वावरण्याची चाल फारशी नव्हतीच. आमचें जुनें पुणें खरें म्हणजे लाकडावर उभें होतें. शनिवारवाड्याचे मजले १८२८ सालच्या आगींत जळून गेले आणि दगडी तट तेवढा मागें राहिला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब अजूनहि वाटसरूला मान वर करावयास लावतात. पेठांतील साध्यासुध्या वाड्यांतूनहि खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, जिने लाकडाचे. पण ज्याच्यावर पाय ठेवावयाचा, तें मात्र बहुधा लाकूड नसे. कडीपाटाच्या फळ्यांवर मातीचा थर चोपून त्यावर शेणाचें सारवण घालीत. म्हणजे माडीवर राहणारा मनुष्यहि मातीवरच चाले. ह्यांत मोठें शहाणपण होतें. माती आवाज गिळते, उन्हाळ्यांत गारवा देते, सांडलेलें पाणी शोषून घेते. आणि ती उखडली तर दुरुस्तीचा खर्च एक पाटी शेण आणि घरांतील बाईची एक सकाळ! त्या सकाळीचा हिशेब पुरुषांनीं कधीं मांडला नाहीं ही गोष्ट वेगळी.

आमच्या आजोबांना मात्र ह्या चालीचा कंटाळा आला असावा. ते लष्करांतील एका कचेरींत नोकरीला होते, आणि साहेबलोकांच्या बंगल्यांतून पाहिलेल्या उघड्या फळ्यांच्या जमिनीवर त्यांचें मन बसलें होतें. १९३१ सालीं नारायण पेठेंत त्यांनीं घर बांधलें, तेव्हां बाकीच्या सर्व खोल्यांतून शहाबादी फरशी किंवा माती. परंतु समोरच्या माडीवर त्यांनीं सहा-सहा इंच रुंदीच्या चोवीस सागवानी फळ्या उघड्याच ठेवल्या. त्यांना रंग नव्हता. दरवर्षीं दिवाळीपूर्वीं जवसाचें तेल चोळावयाचें, आणि तें वाळलें कीं टर्पेंटाइनमध्यें विरघळविलेलें मधमाशांचें मेण फडक्यानें घासावयाचें, असा परिपाठ असे. आई ह्या घरांत आली ती १९६० सालीं. त्या वेळीं ती जमीन मधासारखी दिसे असें ती सांगते.

पुढच्याच वर्षीं, १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतचें धरण फुटलें. त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरणहि गेलें, आणि मुठेचें पाणी पेठांतून शिरलें. त्या दिवसाचें वर्णन मीं करणें योग्य नव्हे. मी त्यानंतर चार वर्षांनीं जन्मलों. पुण्यांतील माझ्या वयाच्या माणसांनीं तो पूर पाहिलेला नाहीं, पण भिंतीवरच्या खुणेवर बोट ठेवून तो ऐकलेला आहे. आमच्या माडीवर वीतभर पाणी चढलें आणि तें उतरल्यावर तितकाच चिखल राहिला. खिडकीकडच्या नऊ फळ्या फुगून अशा वांकल्या कीं, त्या पुन्हां बसेनात. वडील शिक्षक होते. घरांत धान्य नाहीं, अंथरूण नाहीं, अशा वेळीं नवा साग कोण आणणार? गांवांत ठिकठिकाणीं पडलेल्या वाड्यांच्या लाकडांचे ढीग लागले होते. त्यांतूनच वडिलांनीं नऊ फळ्या विकत घेतल्या. कोणाच्या घराच्या होत्या त्या, हें विकणाऱ्याला ठाऊक नव्हतें, आणि विचारण्याचें धैर्य घेणाऱ्याला नव्हतें. त्या आमच्या फळ्यांहून काळसर होत्या, त्यांत जुन्या खिळ्यांचीं भोकें होतीं, आणि भोकांभोंवतीं गंजाचे काळे डाग. जुन्या-नव्याचा हा भेद डोळ्यांना खुपूं नये म्हणून सुतारानें साऱ्या चोवीस फळ्यांवर गडद तपकिरी रंग चढविला आणि त्यावर लाखेचें पॉलिश केलें. तेव्हांपासून आमची जमीन तपकिरी झाली.

इतका पूर्वेतिहास सांगितला तो अशासाठीं कीं, गेल्या वर्षीं ह्या जमिनीला कोणता मुलामा द्यावा असा प्रश्न घरांत निघाला, आणि प्रथमदर्शनीं दुकानदाराकडे जाऊन सुटेल असें वाटणारा तो प्रश्न कांहीं केल्या सुटेना. दारापासून झोपाळ्यापर्यंत आईच्या जाण्यायेण्याची जी वाट, तेथला रंग उडून खालचें फिकट लाकूड दिसूं लागलें होतें. आमच्या चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, यंत्र लावून सारी जमीन घासून टाकावी, जुना रंग समूळ काढावा, लाकूड मूळचें जसें असेल तसें दिसूं द्यावें, आणि वर न चकाकणारा मुलामा द्यावा. "बाबा, चकाकी आतां कोणी ठेवीत नाहीं," असें त्यानें वर सांगितलें. आमच्या मंडळींचा आग्रह एवढाच कीं, घरांत वास राहूं नये. आणि आईचा निकाल ठरलेला होता: "जमींन अशी हवी कीं, तींत समईची ज्योत दिसली पाहिजे." वाचकहो, तरुण मनुष्य साधेपणा मागतो आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षांत पडलेली बाई चकचकाट मागते, असा हा उलटा प्रकार होता!

मिस्त्रींनीं येऊन पहिल्यानें कांहींच मत दिलें नाहीं. त्यांनीं कपाटामागच्या कोपऱ्यांत, कोणाच्या नजरेस न येणाऱ्या जागीं, एके ठिकाणीं पाण्याचा आणि एके ठिकाणीं स्पिरिटचा थेंब टाकला आणि ते स्वस्थ बसून राहिले. थोड्या वेळानें पाण्याखालीं पांढुरकें पडलें. म्हणजे वर मेण होतें. स्पिरिटखालीं पृष्ठभाग चिकट झाला. म्हणजे मेणाखालीं लाख होती. जुन्या लाकडावर नवा मुलामा देण्यापूर्वीं हा थेंब टाकून पाहावा, हें प्रत्येक गृहस्थानें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लाकडी जमीन हल्लीं थोड्यांच्या घरीं असेल. पण झोपाळ्याची पाटी, आजोबांचें शिसवी कपाट, देवघराचा चौरंग हीं तर पुष्कळांकडे असतात. आमच्या एका स्नेह्यांकडे मेणावरच नवा मुलामा फांसला गेला, आणि सहा महिन्यांत तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटला. मेणावर दुसरें कांहीं धरत नाहीं. तें आधीं टर्पेंटाइननें पुसून काढावें लागतें.

मग पर्यायांचा विचार सुरू झाला. मेण सर्वांत जुनें आणि सर्वांत सौम्य. त्याची तकाकी मऊ, हात फिरवावासा वाटणारी. पण पाण्याचा थेंब पडला कीं डाग, आणि दरवर्षींची मेहनत. आजोबांच्या काळीं ती मेहनत करणारीं माणसें घरांत होतीं.

लाख ही त्याहून थोर वस्तु. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा आपल्या अंगाभोंवतीं जो राळेसारखा कोश करतो, तीच लाख. ती शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपानें बाजारांत येते, तिला चपडा म्हणतात. आणि चपडा स्पिरिटमध्यें विरघळवून मलमलीच्या बोळ्यानें लाकडावर चोळला कीं त्याला फ्रेंच पॉलिश हें परदेशी नांव मिळतें. वस्तु आपली, नांव परक्याचें! रांचीजवळ नामकूम येथें १९२४ सालीं लाखेच्या संशोधनासाठीं मुद्दाम संस्था निघाली, इतकें त्या काळीं ह्या वस्तूचें महत्त्व होतें. आपल्या सावंतवाडीचे कारागीर ज्या झळाळीसाठीं प्रसिद्ध आहेत, तीहि लाखेचीच. लाखेचा मोठा गुण असा कीं, ती स्वतःला ओळखते. जुन्या लाखेवर नवी लाख लावली तर नवींतील स्पिरिट जुनीला किंचित् विरघळवितें आणि दोहोंचा एकजीव थर होतो. सांधा दिसत नाहीं. पण तिचे शत्रूहि फार. ऊन चहाचा पेला ठेवा, पांढरें वर्तुळ उमटतें. साबणाचें पाणी तिला खातें. पावसाळ्यांत हवा दमट असतांना पॉलिश केलें तर तें धुकट पडतें. कौरवांनीं पांडवांसाठीं लाखेचें घर बांधलें, तें ती चटकन् पेटते म्हणून. टिकाऊपणासाठीं तें कोणी बांधलें नव्हतें. कपाटाला लाख शोभते. रात्रंदिवस पायांखालीं तुडविल्या जाणाऱ्या जमिनीला ती पुरी पडत नाहीं.

तिसरा पर्याय हल्लींच्या काळाचा. जर्मनींत १९३७ सालीं ऑटो बायर ह्या रसायनशास्त्रज्ञानें पॉलियुरेथेन नांवाचा पदार्थ तयार केला. त्याच्या वंशजांनीं आज गाद्या, चपलांचे तळवे आणि लाकडावरचे मुलामे असा सारा संसार व्यापला आहे. आपले मिस्त्री त्याला नुसतें 'पी.यू.' म्हणतात. त्याचे तीन प्रकार मिस्त्रींनीं आम्हांला समजावून दिले. एक पाण्यांत मिसळलेला: वास थोडा, लवकर सुकणारा, कांचेसारखा निर्मळ, पण गडद रंगावर थोडा निस्तेज दिसतो. दुसरा दोन डब्यांचा, एकांत मुलामा व दुसऱ्यांत त्याला घट्ट करणारें द्रव्य: सर्वांत कठीण, परंतु त्या द्रव्याच्या वाफा छातीला अपायकारक, आणि दमट हवेंत त्याला फोड येण्याचें भय. तिसरा तेलाच्या जातीचा: हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश सुकणारा, वासाचा, काळान्तरानें थोडा पिवळसर होणारा, पण ह्या पिवळेपणानेंच तपकिरी रंगाला ऊब येते. तीनहि प्रकार पाण्याला आणि चहाच्या पेल्याला दाद देत नाहींत. मात्र लाखेचा गुण त्यांच्यांत नाहीं. एकदां पक्का सुकलेला हा मुलामा नव्या हाताला आपल्यांत घेत नाहीं. वरून खरवडून त्याला पकड करून द्यावी लागते, आणि मध्येंच एखादा तुकडा दुरुस्त केला तर ठिगळ दिसतें.

येथें मला जी गोष्ट नव्यानें उमगली ती सांगतों. आपण मुलाम्याकडे पाहतों तेव्हां लाकडाचें रक्षण आणि लाकडाची चकाकी ह्या दोन गोष्टी एकच समजतों. जें अधिक चकाकतें, तें अधिक सुरक्षित. आईची समजूत तीच होती, आणि उलट बाजूनें मुलाचीहि तीच. तो चकाकीला दिखाऊ ठरवून तिच्याबरोबर संरक्षणहि थोडें कमी करावयास तयार होता. वस्तुतः चकाकी म्हणजे पृष्ठभागाचा सपाटपणा, दुसरें कांहीं नाहीं. पृष्ठभाग आरशासारखा सपाट असला कीं पडलेला प्रकाश एकाच दिशेनें परततो आणि समईची ज्योत दिसते. तो बारीक खडबडीत असला कीं प्रकाश विखुरतो आणि ज्योतीचा नुसता उजेड दिसतो. कमी चकाकीच्या डब्यांत मुलामा तोच असतो. त्यांत वाळूच्या जातीची अति बारीक पूड मिसळलेली असते एवढेंच. म्हणून जाणते कारागीर खालचे हात पूर्ण चकाकीचे देतात, कारण तो थर अधिक निर्मळ आणि किंचित् अधिक कठीण. आणि चकाकी कमी हवी असेल तर ती शेवटच्या एका हातांत कमी करतात. अर्धें भांडण ह्या एका माहितीनेंच मिटलें.

रंगविलेल्या लाकडाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. लाकडांत रंग खोल मुरतो अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षांत तो कागदाच्या जाडीइतका असतो. मुलामा झिजून संपला कीं त्याच्या मागून चारदोन महिन्यांत रंगहि जातो, आणि तेवढाच तुकडा पुन्हां हुबेहूब रंगविणें हें चांगल्या कारागिरालाहि कठीण. म्हणून मुलामा हा रंगाचा पहारेकरी आहे. त्यानें स्वतः झिजावें आणि मागच्याला झिजूं देऊं नये, एवढेंच त्याचें काम. 'कधींच झिजणार नाहीं' असें डब्यावर लिहिणारा व्यापारी ह्या पहारेकऱ्याला अमर ठरवितो. पण खरा प्रश्न तो किती काळ टिकेल हा नसून, तो संपण्यापूर्वीं आपलें लक्ष जाईल कीं नाहीं हा आहे. सारवणाचें तत्त्व तरी दुसरें काय होतें? वरचा थर झिजावयासाठींच घालावयाचा, आणि तो झिजतां झिजतां नवा घालावयाचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आणि आमची पणजी ह्यांचें ह्या बाबतींत एकमत दिसतें!

आतां उरला प्रश्न चकाकीचा. आई अनवाणी चालते. कोरड्या अनवाणी पायाला चकचकीत जमीनहि सहसा दगा देत नाहीं. दगा देतें तें पाणी, तेल, सांडलेलें पीठ आणि पायांतले मोजे. पण मला भय होतें तें ह्याच पाण्याचें, आणि तें आईला सांगावें कसें हें कळेना. 'तूं पडशील' असें म्हातारपणीं कोणाला सांगितलें तर तें पडण्याहून अधिक लागतें. मिस्त्रींनीं मार्ग काढला. त्यांनीं दोन फळकुटें रंगवून आणलीं. एकावर शेवटचा हात पूर्ण चकाकीचा, दुसऱ्यावर अर्ध्या चकाकीचा. खिडकीसमोर तीं दोन्ही जमिनीवर मांडून त्यांनीं प्रत्येकावर चमचाभर पाणी टाकलें आणि म्हणाले, "आजी, सांगा बघूं, पाणी कुठं सांडलंय?" आईच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदु काढलेले. चकचकीत फळकुटावर खिडकीचें प्रतिबिंब पडलें होतें आणि त्या झगमगाटांत पाणी तिला दिसेना. अर्ध्या चकाकीच्या फळकुटावर मात्र पाण्याचा ओला ठिपका वेगळा चमकत होता. तिनें दोन वेळां पाहिलें, एकदां बोटानें चाचपलें, आणि म्हणाली, "हें घ्या. पण समईसाठीं कोपरा तरी चकचकीत ठेवा." देवघराच्या कोनाड्यापुढील दोन हात जागा, जेथें कोणी चालत नाहीं, तेवढी पूर्ण चकाकीची ठेवावयाचें ठरलें.

घासण्याचा वाद मात्र ह्याहून अवघड होता. मुलाचें म्हणणें वरवर फॅशनचें वाटलें, तरी त्याच्या मुळाशीं एक विचार होता. तो म्हणाला, "आजी, नऊ फळ्या वेगळ्या आहेत तर वेगळ्या दिसूं देत. त्यांत लपवायचं काय आहे? पूर आला होता हें तरी कळेल." मला त्याचें म्हणणें पटत होतें. ज्या शहरानें त्या पुरानंतर नव्या वसाहती उभारल्या आणि जुने वाडे एकामागून एक पाडले, त्या शहरांत पुराची एखादी खूण पायाखालीं उघडी राहिली तर काय वाईट?

आई कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "ज्यांच्या त्या फळ्या, त्यांचं घर राहिलं नाहीं. तुझ्या आजोबांनीं रंग लावला तो लपवायला नव्हता लावला. बाहेरची म्हणून कोणी बोट दाखवूं नये, म्हणून लावला. साठ वर्षं त्या एका रंगांत नांदल्या. आतां वेगळ्या कशाला काढतां?"

ह्या दोन म्हणण्यांत खरें कोणाचें, ह्याचा मीं पुष्कळ विचार केला. मुलाला इतिहास उघडा हवा होता, तर आईला आश्रिताची लाज झांकलेली हवी होती. आणि दोघेंहि त्याच नऊ फळ्यांचा मान राखूं पाहत होतीं. शेवटीं माझ्या मदतीला आले ते खिळे. त्या फळ्यांत जुन्या खिळ्यांचीं तुटलेलीं टोंकें रुतलेलीं आहेत. यंत्र फिरविलें असतें तर घासपट्टी फाटली असती, आणि तीं टोंकें काढावयाचीं तर फळ्या चिरल्या असत्या. म्हणून यंत्र न लावतां मेण टर्पेंटाइननें पुसावें, लाख स्पिरिटनें हातांनीं सोडवावी, आणि मुरलेला रंग आहे तसा राहूं द्यावा, असें ठरलें. कोपऱ्यांत करून पाहिलें; रंग बहुतेक सारा राहिला. मुलगा हंसून म्हणाला, "खिळे आजीच्या बाजूचे निघाले!"

काम कार्तिकांत धरलें. पावसाळ्यांत लाकूड फुगलेलें असतें आणि हवाहि ओली. वैशाखांत फळ्या आंखडून सांधे उघडतात. कार्तिकांतील कोरडी, मध्यम हवा दोहोंच्या मधली. झिजलेल्या वाटेवर मिस्त्रींनीं रंग तीन वेळां पातळ करून चढविला आणि प्रत्येक वेळीं उभें राहून, बसून, खिडकीच्या उजेडांत, दिव्याच्या उजेडांत पाहिला. भोकांत रंगीत लांबी भरली. सागाच्या अंगांत स्वतःचें तेल असतें, त्यामुळें वरचा मुलामा सुकावयास वेळ लागतो. म्हणून सारी जमीन थिनरच्या फडक्यानें पुसून घेतली. मग तेलाच्या जातीचा मुलामा, एका दिवसाला एक असे तीन पातळ हात. दोन हातांमध्यें बारीक कांचकागदाचा हलका स्पर्श आणि धूळ पुसणें. जाड हात एकदां देण्यापेक्षां पातळ हात तीनदां द्यावेत, कारण जाड थर वरून सुकतो आणि आंतून ओला राहतो. ह्या चार दिवसांत आई आणि आमची मंडळी बहिणीकडे राहून आल्या, आणि वासाची तक्रार अशा रीतीनें निकालांत निघाली. त्यानंतर पंधरा दिवस सतरंजी अंथरावयाची नाहीं, जड वस्तु ओढावयाची नाहीं, आणि रबराच्या पाठीची चटई तर कधींच टाकावयाची नाहीं, अशी मिस्त्रींची ताकीद झाली. तीन-चार वर्षांनीं, मुलामा निस्तेज दिसूं लागला कीं रंगाला धक्का लागण्यापूर्वींच, वरून हलकें खरवडून एक हात द्यावयाचा. तेवढें केलें तर आंतला रंग जन्मभर पुरेल.

आतां खालच्या ओसरीवर बसून मान वर केली कीं मला आमच्या जमिनीची दुसरी बाजू दिसते. खालून तिला रंग कधींच दिलेला नव्हता. पंधरा फळ्या एका जातीच्या, नऊ दुसऱ्या. त्यांतील एक फळी दोन तुकड्यांची, आणि त्यांतल्या आंखूड तुकड्यावर शेंदरी रंगानें काढलेलें अर्धें स्वस्तिक. कोणाच्या तरी दाराचा तो तुकडा असावा. मुलाला जें उघडें हवें होतें, तें ह्या बाजूनें साठ वर्षें उघडेंच होतें. आमच्यापैकीं कोणी वर पाहिलें नव्हतें इतकेंच.

काम संपल्यावर मुलानें एका कागदावर सारा तपशील लिहिला: खालचा रंग कोणता, मुलामा कोणत्या जातीचा, हात किती, तारीख कोणती. पुढें जो कोणी हें काम काढील त्याला थेंब टाकून बसावें लागूं नये, म्हणून तो कागद भिंतींतल्या कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावयाचा होता. चिकटविण्यापूर्वीं त्यानें तो आजीला वाचून दाखविला. तिनें सारा ऐकून घेतला आणि शेवटीं आणखी एक ओळ घालावयास सांगितली: खिडकीकडच्या नऊ फळ्या आपल्या नव्हेत, त्या संभाळावयास आलेल्या आहेत.